रॉक संगीताचे म्हातारपण आणि तरुणांची गाणी

‘आमच्या वेळचे ते खरे संगीत, आताची पोरे ऐकतात तो नुसता गोंगाट’ हे वाक्य प्रत्येक पिढी म्हणत आली आहे. गंमत अशी की, इंग्लंड-अमेरिकेत आज ज्या वृद्धांच्या तोंडी ते आहे, त्यांच्याच रॉक संगीताला साठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांनी गोंगाट ठरवले होते. आम्ही संगीतशास्त्राचे पंडित नव्हे. शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत व सार्वजनिक वाचनालयात झाले. परंतु हा वाद जितका सुरांचा, तितकाच कष्टाचा आणि कमाईचाही आहे, आणि त्या बाजूचे थोडेबहुत आम्हांस कळते.

प्रथम एक उदाहरण घेऊ. बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथे १९६५ च्या सुमारास टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका उजवाच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. त्यातून निघालेल्या जड, खर्जातल्या आवाजावर ‘ब्लॅक सॅबाथ’ हा वाद्यवृंद उभा राहिला. त्याचा गायक ऑझी ऑस्बर्न याने पूर्वी खाटीकखान्यात काम केले होते. १९७० साली त्यांची पहिली तबकडी निघाली. ५ जुलै २०२५ रोजी हेच चौघे, वीस वर्षांनी एकत्र, आपल्याच वस्तीतील फुटबॉलच्या मैदानावर शेवटचे वाजवून गेले. कंपवाताने जर्जर झालेला ऑझी खुर्चीत बसून गायला आणि २२ जुलैला, वयाच्या ७६ व्या वर्षी, वारला.

त्या दिवशी हजारोंचे डोळे का भरून आले? याचे एक कारण मानसशास्त्र देते. माणसाला दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत दाट राहतात. पहिली कमाई, पहिली मैत्री, पहिले प्रेम हे सारे त्याच काळातले असते आणि त्या वेळचे गाणे त्यांना चिकटून बसते. म्हणजे माणूस गाण्यासाठी रडतो, तसाच आपल्या तारुण्यासाठीही रडतो.

दुसरे कारण चाळणीचे. काळाने कोंडा पाखडून टाकलेला असतो; आपण निवडलेल्या जुन्या धान्याची तुलना आजच्या न निवडलेल्या धान्याशी करतो. १९६७ साली ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत बीटल्सच्या एका तबकडीला पहिला क्रमांक मिळू दिला नाही तो एंगेलबर्ट हंपरडिंक या मद्रासला जन्मलेल्या गायकाच्या एका मवाळ प्रेमगीताने. आणि १९६९ चे अमेरिकेतील वर्षाचे सर्वांत लोकप्रिय गाणे कोणाचे? ‘आर्चीज’ या व्यंगचित्रांतील पोरांच्या वाद्यवृंदाचे! प्रत्यक्षात ते स्टुडिओतल्या गायकांनी गायले होते. तेव्हा ‘आजचे गायक कारखान्यात बनवलेले’ असे म्हणणाऱ्यांनी हे साल ध्यानात ठेवावे.

कारखाना आजही आहे, हे खरे. दक्षिण कोरियात मुलांना लहान वयात निवडून वर्षानुवर्षे नाच-गाणे शिकवतात आणि दीर्घ कराराने बांधतात. २००९ साली ‘टीव्हीएक्सक्यू’ या मंडळीतील पाचांपैकी तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. आम्ही यातून एवढेच घेतो की, आक्षेप घ्यायचाच असेल तर तो कराराच्या अटींवर घ्यावा. गाणाऱ्या पोरांना हिणवू नये.

आता पैशाची बाजू पाहू. आज गाणी फोनवरून ऐकली जातात. कंपन्या जमलेला पैसा एका हांड्यात घालतात आणि कोणाची गाणी किती वेळा ऐकली गेली त्या प्रमाणात वाटतात. अमेरिकेत २०२४ मध्ये ऐकल्या गेलेल्या संगीतापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश दीड वर्षाहून जुने होते. हांडा तोच, जुन्यांचा वाटा मोठा. म्हणजे नव्यांचा आपोआप लहान. बॉब डिलनने आपल्या साऱ्या गीतांचे हक्क २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीला विकले. अशा रीतीने आठवणींचीही मालमत्ता झाली आहे आणि मालक तिच्यावर भाडे वसूल करतात.

याहून गंभीर गोष्ट शिकण्याच्या जागेची आहे. बीटल्स हॅम्बुर्गच्या कोंदट क्लबांत रात्र-रात्र वाजवून तयार झाले. ब्लॅक सॅबाथही दारूच्या गुत्त्यांतूनच वर आले. ब्रिटनमध्ये २०२३ या एका वर्षात अशा १२५ छोट्या जागा बंद पडल्या किंवा तेथले गाणे थांबले. कारखान्यात उमेदवारीच बंद केली, तर दहा वर्षांनी कारागीर कोठून आणणार?

मोठ्या कार्यक्रमाच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड या छोट्या जागांसाठी काढावा, ही सूचना ब्रिटिश सरकारने २०२४ मध्ये उचलून धरली, पण ऐच्छिक ठेवली. ऐच्छिक वर्गणी किती जमते, हे युनियन चालवणाऱ्या कोणासही विचारावे! तरीही ‘कोल्डप्ले’ने २०२५ मधील इंग्लंडच्या कार्यक्रमांतील आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा या कामी देऊ केला. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत तीन दिवस गर्दी खेचणारा हाच तो वाद्यवृंद.

बर्मिंगहॅमच्या त्या निरोपाच्या सभेत यंगब्लड या सत्तावीस वर्षांच्या गायकाने ब्लॅक सॅबाथचेच एक जुने गाणे म्हटले, आणि म्हाताऱ्या रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले. दोन पिढ्यांचे वैर दिसते तेवढे खोल नाही, असे आम्ही म्हणतो ते यामुळेच. श्रोतेहो, जुने जरूर ऐकावे. पण आपल्या गावात एखादे अनोळखी पोर गाणार असेल, तर तिकीट काढून पुढच्या रांगेत बसावे. त्याला पास मागू नये.