कानासाठी लिहिलेलं

मेथीची जुडी निवडायला मला साधारण वीस मिनिटं लागतात. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र मोकळे. गेली काही वर्षं हे मोकळे कान मी पॉडकास्टला देऊन टाकले आहेत. कुणी विचारलं, ‘काय ऐकतेस, आम्हालाही सांग ना’, की आधी मी वीस-पंचवीस नावांची यादी धाडायचे. ती कुणी ऐकायचं नाही. दोन भाग ऐकून माणसं सोडून द्यायची, कारण नेमकं कुठून शिरायचं हे यादीतून कळत नाही. म्हणून इथे नावं थोडी घेते, आणि ती मला का आवडतात हेही सांगते.

माझी कसोटी एकच आहे. कार्यक्रम कानासाठी रचलेला हवा. दोन माणसं माइकसमोर बसून गप्पा मारतात, त्या रेकॉर्ड होतात, त्यालाही आज पॉडकास्टच म्हणतात आणि त्यातलं काही छानही असतं. पण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, समोर चित्र नाही, शेजारी कुकरची शिट्टी होते आहे, हे ओळखून जो प्रत्येक वाक्य आधी स्वतःशी म्हणून पाहतो, त्याचं काम वेगळं कळतं. मुंबई आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ऐकलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांचं घर कुणी कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या घरात पाहुण्यासारखं जाऊन बसता यायचं.

पेपर लावतो तसा

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ब्रिटनच्या ‘गार्डियन’मध्ये बेन हॅमर्सली या पत्रकाराच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’. पुढच्याच वर्षी ॲपलने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि शब्द रुळला. आयपॉड गेला, नाव राहिलं.

रेडिओपेक्षा यात वेगळं इतकंच, की वेळ आपण ठरवायची. आपण घरी पेपर लावतो तसा पॉडकास्ट लावायचा. नवा भाग आला की फोनमध्ये आपोआप येऊन पडतो. बहुतेक चांगले पॉडकास्ट फुकट आहेत.

एक वस्तू, पंधरा मिनिटं

कुणालाही पहिल्यांदा ऐकायला मी ‘अ हिस्ट्री ऑफ द वर्ल्ड इन १०० ऑब्जेक्ट्स’ सुचवते. बीबीसी रेडिओ ४ आणि ब्रिटिश म्युझियम यांनी मिळून २०१० साली केलेली ही मालिका. संग्रहालयाचे तेव्हाचे संचालक नील मॅकग्रेगर शंभर भागांत शंभर वस्तूंची गोष्ट सांगतात, प्रत्येकीला साधारण पंधरा मिनिटं. पहिल्या भागात इजिप्तमधल्या एका पुजाऱ्याची ममी, शेवटच्या भागात सौरऊर्जेवर चालणारा दिवा.

संग्रहालयातली वस्तू म्हणजे बघायची गोष्ट. ती रेडिओवरून कशी दाखवणार? मॅकग्रेगर या अडचणीलाच कामाला लावतात. वस्तू दिसत नाही, म्हणून ती जणू तळहातावर ठेवून ते तिचं वर्णन करतात: केवढी आहे, कशाची आहे, कशी घडवली असेल. मग ती कुणाच्या हातात होती याकडे वळतात. मध्येच एखादा कुंभार, शिल्पकार, अर्थतज्ज्ञ किंवा न्यायाधीश येऊन आपल्या कामाच्या अनुभवातून त्या वस्तूबद्दल बोलून जातो. इतिहासाच्या प्राध्यापकाला सुचणार नाही असं काहीतरी तो सांगतो, आणि मला मालिकेचा तो भाग सगळ्यात जास्त आवडतो.

तेरावी वस्तू आपल्या उपखंडातली आहे. सिंधू संस्कृतीतला शिक्का, टपालाच्या तिकिटाएवढा, मऊ दगडात कोरलेला. त्यावर एकशिंगी भासणारा प्राणी आणि वरच्या बाजूला काही चिन्हं, जी अजून कुणालाही खात्रीने वाचता आलेली नाहीत. शाळेत आपण हडप्पा-मोहेंजोदडो शिकलो ते महास्नानगृह आणि झाकलेली गटारं, पाच मार्कांचा प्रश्न. या भागात तोच शिक्का ओल्या मातीवर दाबला जातो, मालाच्या गाठोड्याबरोबर दूर मेसोपोटेमियापर्यंत जातो, आणि चार हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याचा हिशेब आपल्यासमोर उभा राहतो. पुढे तेहतिसाव्या भागात अशोकस्तंभाचा एक तुकडा आहे, अडुसष्टाव्यात ओडिशातली शिव-पार्वतीची मूर्ती.

एक गोष्ट मनाशी धरून ही मालिका ऐकावी. यातल्या कितीतरी वस्तू साम्राज्याच्या वाटेने लंडनला पोचल्या आहेत. बेनिनच्या पितळी पाट्या तर ब्रिटिश फौजेने १८९७ साली तिथला राजवाडा लुटून आणल्या. मालिका हा प्रश्न टाळत नाही, पण त्यावर फार वेळ रेंगाळतही नाही. तो आपल्यालाच सोबत न्यावा लागतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१७ साली ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन भरलं होतं. त्यात ब्रिटिश म्युझियममधल्या आणि आपल्याकडच्या संग्रहालयांमधल्या वस्तू शेजारी-शेजारी मांडल्या होत्या. ते ज्यांनी पाहिलं त्यांना ही मालिका ऐकताना जुनी ओळख निघाल्यासारखं वाटेल.

रात्रीचं वेल्डिंग

दुसरं नाव ‘नाइन्टी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल’. रोमन मार्स या निवेदकाने २०१० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एका रेडिओ केंद्राच्या साथीने हे सुरू केलं. विषय आहे आपल्या आजूबाजूची रचना: इमारती, पाट्या, रस्ते, झेंडे, दाराच्या कड्या. रोज वापरतो म्हणून ज्याकडे आपलं लक्ष जात नाही ते सगळं.

एकच भाग ऐकायचा असेल तर ‘स्ट्रक्चरल इंटिग्रिटी’ ऐका. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली सिटीकॉर्प सेंटर ही ५९ मजली इमारत उभी राहिली. भूखंडाच्या एका कोपऱ्यावर चर्च होतं आणि त्याची जागा तशीच ठेवायची अट होती. म्हणून इमारतीचे खांब कोपऱ्यांवर न घेता चारही बाजूंच्या मध्यावर घेतले. सगळा डोलारा जणू नऊ मजली उंच पायांवर. विल्यम लेमेझ्युरिए हे तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर. पुढच्या वर्षी इमारतीचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने त्यांच्या कार्यालयात शंका विचारली. तिरका वारा, म्हणजे इमारतीच्या कोपऱ्यावर येणारा वारा, याचा हिशेब केला आहे का? नियमाप्रमाणे समोरून येणाऱ्या वाऱ्याचाच हिशेब पुरेसा होता. लेमेझ्युरिए यांनी गणित पुन्हा मांडलं, आणि त्याच सुमारास त्यांना कळलं की पोलादी सांधे वेल्डिंग करण्याऐवजी बोल्टने जोडले आहेत. त्यांच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या वादळात इमारत टिकणार नव्हती.

मग रोज रात्री, कार्यालयं रिकामी झाल्यावर, वेल्डर आत शिरायचे आणि सांध्यांवर पोलादी पट्ट्या बसवून पहाटेच्या आत बाहेर पडायचे. काम चालू असतानाच समुद्रावरून ‘एला’ नावाचं वादळ निघालं आणि सुदैवाने दुसरीकडे वळलं. शहरातल्या वर्तमानपत्रांचा तेव्हा संप चालू होता, त्यामुळे कुणाला कसली कुणकुण लागली नाही. ही हकीकत १९९५ पर्यंत जगाला माहीत नव्हती.

या भागात भोवतीचा गोंगाट फारसा नाही, संगीत बेताचं आहे, आवाज शांत आहे. तरी तिरक्या वाऱ्याचं गणित माझ्यासारख्या भूमितीत कच्च्या बाईला ऐकून समजलं. आकृतीशिवाय आकृती समजावून सांगणं ही केवढी मेहनत असते ते मला तेव्हा कळलं.

एकवीस मिनिटांचा प्रश्न

पॉडकास्ट हा प्रकार घराघरांत पोचवला तो ‘सीरियल’ने. ऑक्टोबर २०१४ मध्ये पहिला भाग आला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरजवळ १९९९ साली हे मिन ली या शाळकरी मुलीचा खून झाला, आणि तिचा आधीचा मित्र अदनान सय्यद याला जन्मठेप झाली. सारा केनिग या पत्रकार स्त्रीने ती केस पंधरा वर्षांनी पुन्हा उघडून पाहिली. शाळा सुटल्यानंतरची एकवीस मिनिटं अदनान कुठे होता, एवढ्या एका प्रश्नाभोवती पहिला भाग फिरतो. तो तुरुंगातून फोनवर बोलतो, आणि प्रत्येक फोनआधी हा कैद्याचा कॉल असल्याचं सांगणारा यंत्राचा आवाज येतो. तो आवाज माझ्या डोक्यात अजून आहे.

बारा भागांच्या शेवटी केनिग निकाल देत नाहीत. मला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हे त्या मोकळेपणी सांगत जातात, आणि त्यामुळेच मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण हा कार्यक्रम ऐकताना अस्वस्थही व्हायला होतं, आणि ते व्हायलाच हवं. एका घरातल्या मुलीच्या मृत्यूची गोष्ट लाखो लोक पुढच्या आठवड्याची वाट बघत ऐकत होते. खरी केस पुढेही बरीच वळणं घेत राहिली. २०२२ मध्ये शिक्षा रद्द होऊन अदनान बाहेर आला, २०२३ मध्ये दोषसिद्धी पुन्हा कायम झाली, आणि २०२५ मध्ये भोगली तेवढी शिक्षा पुरेशी धरून न्यायालयाने त्याला मोकळं ठेवलं. दोषी हा शिक्का मात्र पुसला गेलेला नाही.

तीन प्राध्यापक आणि चहा

बीबीसीचं ‘इन अवर टाइम’ १९९८ पासून चालू आहे. मूळ रेडिओ कार्यक्रम, नंतर पॉडकास्ट. मेल्विन ब्रॅग यांनी तो सव्वीसहून अधिक वर्षं चालवला आणि २०२५ मध्ये थांबले. एक विषय, त्यातले तीन अभ्यासक, पाऊण तास. अशोक, उपनिषदं, भगवद्गीता आणि भारतीय गणित या विषयांवरचे भाग आपल्याला जवळचे वाटतील, पण मी म्हणेन की ज्याबद्दल काहीच माहीत नाही असा विषय मुद्दाम निवडा.

ब्रॅग पाल्हाळ चालू द्यायचे नाहीत. विद्वान भरकटला की मध्येच थांबवून ‘सोपं करून सांगा’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचे. मला ते ऐकणाऱ्याचा मान राखणं वाटतं. पॉडकास्टवर कार्यक्रमानंतरची काही मिनिटंही ऐकायला मिळतात. काय सांगायचं राहिलं असं ब्रॅग विचारायचे, तिघंही सैल होऊन बोलू लागायचे, आणि तेवढ्यात कुणीतरी आत येऊन चहा हवा की कॉफी असं विचारायचं.

आपल्या आसपासचं

अमित वर्मा मुंबईहून ‘द सीन अँड द अनसीन’ चालवतात, २०१७ पासून. इंग्रजीत आहे. सुरुवातीचे भाग वीसेक मिनिटांचे, नंतरचे काही तासांचे. इतकं लांब कोण ऐकणार, असं मलाही वाटलं होतं. पण शांता गोखले यांच्याबरोबरचा भाग मी चार दिवस थोडा-थोडा ऐकला आणि संपल्यावर घरी आलेलं माणूस परत गेल्यासारखं वाटलं. या गप्पाच आहेत, माझ्या कसोटीत नीट न बसणाऱ्या. तरी घेते, कारण वर्मा पाहुण्याचं लेखन वाचून येतात आणि मग गप्प राहून ऐकतात. हिंदीत ‘पुलियाबाजी’ आहे. सार्वजनिक धोरण, अर्थकारण, विज्ञान असे विषय तिथे ओट्यावर बसून बोलावं तसे चालतात.

मराठीत बीबीसी मराठीचं ‘गोष्ट दुनियेची’ ऐकण्यासारखं आहे. जगातल्या एखाद्या घडामोडीमागचा प्रश्न घेऊन ते तो नीट उलगडतात, आणि भाषा स्वच्छ असते. सौमित्र पोटे यांच्या ‘मित्रम्हणे’मध्ये नाटक-सिनेमातली माणसं मोकळी होतात. मुलाखती मराठीत आता भरपूर होत आहेत, त्यातल्या पुष्कळशा यूट्यूबवर कॅमेऱ्यासाठी. मला हवं आहे ते अजून फार मिळत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यावर किंवा कोयनेच्या धरणावर, नुसत्या आवाजातून, लिहून-घडवून केलेला एक पाऊण तास. श्रुतिका लिहिणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे, कीर्तनाची तर त्याहून कितीतरी जुनी. कुणी हे करायला घेतलं तर मी रोज मेथी निवडेन.

ऐकायला बसताना

एका वेळी एकच पॉडकास्ट लावा. घरच्या वाय-फायवर भाग उतरवून ठेवला की लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी अडत नाही. इंग्रजी उच्चार कानाला नवे असतील तर पहिले दोन-तीन भाग वेग थोडा कमी करून ऐका. जवळपास प्रत्येक ॲपमध्ये ती सोय असते. ‘सीरियल’ आणि ‘नाइन्टी नाइन पर्सेंट इनव्हिजिबल’ यांची लिखित संहिता त्यांच्या संकेतस्थळांवर मिळते, अडलेला शब्द तिथे सापडतो. शंभर वस्तूंच्या मालिकेचं पुस्तकही आहे, पण ते मागाहून वाचा.

‘सीरियल’ पहिल्या भागापासूनच ऐकावं लागतं. बाकीचं कुठूनही चालेल. कुठूनच सुचत नसेल तर तेरावी वस्तू, तो सिंधूकाठचा शिक्का. मेथीच्या एका जुडीत बसतो.