साहेबाच्या प्रेमात पडण्याची गोष्ट

धानाची रोवणी आटोपली, हाताला जरा उसंत मिळाली की वाचणाऱ्याला गोष्ट लागते. त्यातही प्रेमाची असली तर दुधात साखरच! नागभीडसारख्या गावातही आता गोष्ट मोबाइलवर येते, आणि तिथे एक प्रकार भारी चालतो. कंपनीचा तापट मालक, त्याच्या हाताखाली साध्या घरची मुलगी, पहिल्याच दिवशी खटका आणि शेवटी लग्न. 'प्रतिलिपी'वर मराठीत अशा कथामालिका भरपूर आहेत. झी मराठीवर २०१८ साली आलेली 'तुला पाहते रे' आणि २०२१ ची 'माझी तुझी रेशीमगाठ' या मालिकाही मालक आणि नोकरदार बाई यांच्याच.

शहाणी मंडळी यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडी! मराठी प्रेमकथेने कोर्टाची पायरीसुद्धा पाहिली आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापून आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला निर्दोष सोडले. तेव्हा प्रेमाची कादंबरी उशीखाली लपवण्याचे काही कारण नाही.

पण यात एवढी गोडी कशाची? आपल्याकडे 'साहेब' म्हटले की माणूस दोन पावले मागे सरतो. तेंदूपत्त्याच्या फळीवरचा मुन्शी असो, राइस मिलचा मालक असो की शाळेचा संस्थाचालक. हजेरी, मजुरी, नोकरीत कायम होणे सारे त्याच्या शब्दावर. कादंबरीत मात्र तोच साहेब तिच्यापुढे नरमतो, चूक कबूल करतो, तिच्या रुसव्याने बेचैन होतो. दिवसभर 'हो जी' म्हणणाऱ्या बाईला हे वाचून बरे वाटणार नाही तर काय!

गोष्ट तशी जुनीच. शार्लट ब्रॉन्टेची 'जेन आयर' ही इंग्रजी कादंबरी १८४७ ची. अनाथ जेन श्रीमंत मालकाच्या घरी मुलीला शिकवायला राहते, दोघांचा जीव जडतो. लग्न लागता लागता कळते की, त्याची पहिली बायको जिवंत आहे, त्याच घरात कोंडलेली. जेन घर सोडते. परत येते ती काकाचा वारसा मिळाल्यावर, स्वतःच्या पैशावर उभी राहून. म्हणूनच तिचा होकार खरा वाटतो. त्याआधी ती नाही म्हणून निघून गेलेली असते. उलट 'तुला पाहते रे'मध्ये ज्या साहेबावर प्रेक्षक भाळले, तोच पुढे खलनायक निघाला.

अशी कादंबरी हाती घेतली की एवढेच बघावे : ती 'नाही' म्हणाली असती तर नोकरी टिकली असती का? टिकली असती, तर ते प्रेम. नसती, तर ती गोष्ट वेगळी, आणि तिच्यासाठी कायदा आहे. राजस्थानातील भंवरीदेवी प्रकरणानंतर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने 'विशाखा' मार्गदर्शक तत्त्वे घातली आणि २०१३ मध्ये कायदा झाला. १० किंवा अधिक माणसे काम करतात तिथे तक्रार समिती हवीच. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाचीच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यासाठी तालुक्यात तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा असतो. तक्रार लेखी द्यावी, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. घरकाम करणारी बाईही ती देऊ शकते.

तेव्हा बायांनो, कादंबरी खुशाल वाचा. साहेब नरमला की हसा, नायिका रडली की डोळे पुसा. मात्र उद्या खरा साहेब गोड बोलू लागला, तर आधी आपल्याला 'नाही' म्हणता येते का, ते पाहा.