ताटाबाहेरचे खाणे

आपल्या स्मरणिकेत मी यापूर्वी दोनदा लिहिले आहे. एकदा मधुमेहावर आणि एकदा रक्तदाबावर. दोन्ही वेळा रुग्ण कोणी दुसरा होता आणि उपदेश करणारा मी होतो. या वर्षी संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा ठरविले की ज्या रुग्णाचा इतिहास मला सर्वांत तपशीलवार ठाऊक आहे, त्याच्याविषयीच लिहावे. तो रुग्ण मी स्वतः आहे.

२०१८ च्या जुलै महिन्यात माझ्यावर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वेळी माझे वय ५२ वर्षे, वजन ११८ किलो आणि बॉडी मास इंडेक्स ४२ च्या आसपास होता. दहा वर्षांचा मधुमेह, त्यावर तीन प्रकारच्या गोळ्या आणि रात्री घोरताना मध्येच अडकणारा श्वास, हा बाकीचा संसार. शस्त्रक्रिया होती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. तीत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि मागे उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. काढलेल्या भागात जठराचा वरचा घुमटही असतो. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधून काढलेले, भूक चाळविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तेथेच तयार होते. म्हणजे पोट तर लहान होतेच, शिवाय भुकेची हाकही क्षीण होते.

पहिले वर्ष खरोखरच एखाद्या वरदानासारखे गेले. भूक म्हणजे काय, ते मी विसरलो. अर्धी वाटी मऊ खिचडीने पोट भरे. एक घास जास्त झाला की उचकी लागे, नाकातून पाणी येई. दीड वर्षात वजन ७९ किलोवर आले. एचबीए१सी ८.९ वरून ५.७ वर उतरले आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. नाटकाच्या मध्यंतरात जुनी मंडळी मला ओळखीनाशी झाली. शिंप्याने माझ्या पँटी तीन वेळा आत घेतल्या आणि चौथ्या वेळी हात जोडून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, आता नव्याच शिवा.”

२०२२ च्या अखेरीस वजन ८८ किलो झाले होते आणि एचबीए१सी ६.६.

“डॉक्टर, मी तर काहीच खात नाही हो!” हे वाक्य मी तीस वर्षे रुग्णांच्या तोंडून ऐकले आणि मनातल्या मनात हसलो. तेच वाक्य आता मी स्वतःशी अगदी प्रामाणिकपणे म्हणत होतो. ताटापुरते ते खरेही होते. एक फुलका, एक वाटी डाळ, थोडी भाजी. याहून अधिक माझ्या पोटात जातच नव्हते. शस्त्रक्रियेनंतरच्या नियमित तपासणीला मात्र मी गेलो नव्हतो. आरंभी महामारीचे कारण खरे होते. पुढे कारण उरले ते एकच: लाज. इतरांना पथ्य सांगणाऱ्या माणसाने नऊ किलो परत चढवून आपल्याच व्यवसायबंधूसमोर वजनकाट्यावर कसे उभे राहावे?

अखेर सौभाग्यवतीने अपॉइंटमेंट घेतली आणि मला गाडीत बसविले. सर्जन फार काही बोलले नाहीत. त्यांनी मला आहारतज्ज्ञांकडे पाठविले. माझ्या मुलीच्या वयाची ती तरुणी. मी ताटाचे वर्णन सुरू करताच तिने नम्रपणे थांबविले. म्हणाली, “सर, ताटातलं राहू द्या. ताटाबाहेरचं काय काय खाता?”

मजजवळ उत्तर नव्हते. तिने सात दिवस वही लिहावयास सांगितली. तोंडात जे जाईल ते, त्याची वेळ आणि त्या क्षणी काय चालले होते, एवढेच. त्या आठवड्यातील एका गुरुवारच्या पानावर चौदा नोंदी होत्या. त्यांपैकी जेवणे तीन. उरलेल्या अकरांत सकाळच्या चहाबरोबरचे दोन टोस्ट होते, वॉर्डात कोणाच्या वाढदिवसाचा समोसा होता, रात्री टीव्हीसमोरचे दाणे होते. आणि दिवसभर ओपीडीच्या टेबलाच्या ड्रॉवरमधली शेव-परमल होती. शेवेची एक मूठ म्हणजे साधारण ३० ग्रॅम. तीत १६० ते १७० कॅलरी असतात. चार मुठी झाल्या की माझ्या दोन्ही वेळच्या जेवणांइतके खाणे होई, आणि ते मी खाण्यात धरीतच नव्हतो. घरी वही दाखविली, तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाली, “अहो, ताटात वाढलेलं टाकता, मग डबा कोण संपवतं असं मला रोज वाटायचं.”

हे घडते कसे, ते सांगितले पाहिजे. कारण ते ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ रुग्ण फसतात. अंडे, पनीर, उसळ, घट्ट डाळ असे अन्न अरुंद जठरात काही काळ थांबते आणि ‘पुरे’ असा निरोप देते. शेव, चिवडा, बिस्किटे, चिप्स यांचे तसे नाही. लाळेत आणि चहाच्या घोटात त्यांचा पातळ लगदा होतो आणि तो सरसर पुढे सरकतो. निरोप निघतच नाही. शस्त्रक्रियेचा सारा बंदोबस्त एका वेळच्या मोठ्या जेवणाविरुद्ध असतो. दिवसभर चरत राहणाऱ्या माणसाला त्या बंदोबस्तातून वाट सापडते. त्यात पहिल्या वर्षानंतर भूकही हळूहळू परतू लागते.

आणखी एक गोष्ट आम्हा डॉक्टरांच्याच बोलण्यातून घडते. शस्त्रक्रियेनंतरच्या आरंभीच्या आठवड्यांत आम्ही सांगतो, “थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा घ्या.” त्या काळापुरते ते योग्यच असते. परंतु त्या सल्ल्याची मुदत संपली, हे सांगावयाचे राहून जाते. रुग्ण तो आयुष्यभराचा परवाना समजतो. मीही समजलो होतो.

आणि आपले गाव इंदूर! येथे सकाळ पोहे-जिलबीने उजाडते आणि त्या पोह्यांवरही जीरावन आणि शेव भुरभुरल्याशिवाय ते पुरे होत नाहीत. सराफ्यात रात्री सोन्याची दुकाने मिटतात आणि खाण्याची उघडतात. थंडीत तेथे गराडू तळले जातात. घरात मराठी फराळाचे डबे आणि माळव्याचे नमकीन शेजारी शेजारी नांदतात. पाहुण्याने ‘नको’ म्हटले तर यजमानाला ते खरेच वाटत नाही. या गावाला दोष देण्याचा माझा मानस नाही. मी त्याच्याच अन्नावर वाढलो. पण येथे ताटाबाहेरचे खाणे हे खाणे मानले जात नाही, तो केवळ जिव्हाळा मानला जातो, हे रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी ओळखले पाहिजे.

वहीतला तिसरा रकाना मात्र मला सर्वांत जड गेला. मंगळवार, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे, मूठभर शेव. काय चालले होते? एका तरुण मुलाच्या वडिलांना त्याची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे सांगून मी नुकताच खुर्चीत टेकलो होतो. मी पाने मागे उलटली. बहुतेक मुठींच्या आधी असे काहीतरी होते: वाईट बातमी, वाद घालणारे नातेवाईक, रात्रीचे जागरण. भूक एकदाही नव्हती. सर्जनने जठर कापले. तीस वर्षांची ही सवय जठरात नव्हतीच, ती त्यांना कशी कापता येणार?

पुढे जे केले त्यात चमत्कार काही नाही. तीन जेवणे आणि एक ठरलेला अल्पोपाहार, त्यांच्या वेळा घड्याळाप्रमाणे. प्रत्येक वेळी प्रथिने आधी. दिवसाला ६० ते ८० ग्रॅमचे लक्ष्य. जेवताना पाणी नाही. जेवणानंतर अर्धा तास थांबून मग घोट घोट. जे खावयाचे ते बसून, बशीत काढून; डब्यात हात घालून नाही. शेव वर्ज्य केली नाही. रविवारी पोह्यांवर चमचाभर, सर्वांसमक्ष. ड्रॉवर रिकामा केला. जड बातमी सांगून झाली की पुढच्या रुग्णाला बोलाविण्याआधी पाच मिनिटे व्हरांड्यात चालतो. प्रारंभी कंपाउंडरला वाटले, साहेबांची प्रकृती बरी नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे आवश्यक आहेत. ज्या रुग्णाला पोळी किंवा उसळ उतरत नाही, उलटी होते, म्हणून जो चहात बुडविलेल्या बिस्किटांवर दिवस काढतो, त्याला सवयीचा दोष लावू नये; त्याची नळी कोठे आक्रसली आहे काय, हे सर्जनकडून तपासून घ्यावे. आणि ज्याला खाताना थांबताच येत नाही, जो लपून खातो व मागाहून स्वतःचा तिरस्कार करतो, त्याला वही पुरणार नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांची गरज आहे. वजन परत वाढल्यास आता औषधेही उपलब्ध आहेत. टिर्झेपटाइडचे इंजेक्शन २०२५ पासून भारतात मिळते. त्यांचा निर्णय सर्जन आणि फिजिशियन यांनी मिळून घ्यावा. परंतु तेथेही ताटाबाहेरचा प्रश्न विचारावाच लागतो.

आज माझे वजन ८३ किलो आहे आणि एचबीए१सी ६.०. ७९ वर मी परतलो नाही; कदाचित परतणारही नाही. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील दीर्घ अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के घटले होते. दहा वर्षांनी ती घट २५ टक्के उरली होती. तरीही शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमधील मृत्यूचे प्रमाण शस्त्रक्रिया न केलेल्यांपेक्षा कमी आढळले. थोडे वजन परतणे म्हणजे पराभव नव्हे, हे मला दोन वर्षे आधी कोणी सांगितले असते, तर मी तपासणी चुकविली नसती.

म्हणून सभासद मित्रांना दोनच विनंत्या. असा रुग्ण आपल्याकडे ताप-खोकल्यासाठी आला, तरी “किती जेवता?” असे विचारू नका, “दोन जेवणांच्या मध्ये काय?” असे विचारा. विचारताना आवाजात आरोप नसावा. आणि वर्षातून एकदा त्याला तपासणीला पाठवा. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्यासाठी तर पाठवाच, पण त्याहीपेक्षा, वजन वाढले तरी या दाराशी यावयाचे असते, हे त्याला कळावे म्हणून पाठवा. तो रुग्ण स्वतः डॉक्टर असेल, तर दोनदा सांगा.

ओपीडीतला तो ड्रॉवर अजून आहे. त्यात आता एक वही असते. तीत कधीमधी शेवेची नोंद अजूनही सापडते. पण नोंद असते.