जाळीचा आरसा

आरसा उन्हात धरला की कवडसा भिंतीवर नाचतो. उजेड आरशावरून परत फिरतो. पण भोकं असलेला आरसा कधी ऐकला आहे काय?

आम्ही किन्हीराजात तूर चाळतो. माती खाली पडते, तूर वर राहते. दाणा भोकापेक्षा मोठा, म्हणून अडतो. लाटांचंही थोडंफार असंच आहे.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गाव आहे. त्या भागात १९९० च्या दशकात ३० मोठ्या तबकड्या उभारल्या. आकाशातून येणाऱ्या रेडिओच्या लाटा त्या टिपतात. प्रत्येक तबकडी ४५ मीटर रुंद आहे. तिला पत्रा नाही, बारीक तारेची जाळी आहे. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची, लाट मात्र वीतभर किंवा त्याहून लांब. म्हणून लाट जाळीवरून परत फिरते. वारा आरपार निघून जातो. पत्रा असता, तर वाऱ्यापुढे टिकायला किती लोखंड लागलं असतं! जाळीनं खर्च वाचला. हे काम डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं झालं.

उजेडही लाटच आहे, पण फार बारीक. एका मिलिमीटरात सुमारे दोन हजार लाटा मावतात. आता शास्त्रज्ञ काचेवर त्याहून बारीक खांब उभे करतात. हे खांब बऱ्याचदा धातूचे नसतात. त्यांचा आकार आणि अंतर बदललं की उजेड हवा तसा परत फिरवता येतो, वळवता येतो किंवा पलीकडे सोडता येतो.

तेव्हा आधी लाट मोजावी, मग जाळी विणावी.