फूल गेल्यावर कंदाचे काय करायचे?

बागेतल्या वाफ्यात फुले असतात तेव्हा सगळ्यांचे लक्ष असते. येणारे-जाणारे थांबतात, फोटो काढतात. फुले वाळली की उरतात फक्त लांब, आडवी पडलेली, हळूहळू पिवळी होणारी पाने. ती कुणालाच आवडत नाहीत. मग एखाद्या रविवारी कात्री चालते, वाफा स्वच्छ होतो, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी फूल का आले नाही याचे कोडे पडते.

या कोड्याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते. कंदवर्गीय झाडाचे पुढच्या वर्षीचे फूल, या वर्षीचे फूल गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत तयार होते, आणि ते काम तीच कुरूप दिसणारी पाने करतात. हा लेख त्या आठवड्यांविषयी आहे.

कंद म्हणजे साठवणीची खोली

मेसमधला एक कांदा उभा कापून पाहा. तळाशी एक लहानशी चपटी तबकडी दिसेल. ते त्याचे खोड. तिच्यावर एकात एक बसलेले जाड पापुद्रे म्हणजे पानांचे खालचे, अन्न साठवणारे भाग. अगदी मध्यभागी असतो कोवळा कोंब. अमरिलिस, नर्गिस आणि ट्यूलिप यांचे कंद याच पद्धतीचे असतात. ग्लॅडिओलसचा कंद मात्र कापला तर पापुद्रे निघत नाहीत. तो आतून भरीव असतो, कारण ते फुगलेले खोडच आहे. त्याच्या कापावर आयोडिनचा थेंब टाकला की तो काळानिळा होतो, म्हणजे आत स्टार्च आहे.

हे अन्न येते कुठून? पाने सूर्यप्रकाशात साखर बनवतात, ती खाली कंदात उतरते आणि साठून राहते. फूल उमलताना ही शिल्लक बरीचशी खर्च होते. फुलानंतर कंद हलका झालेला असतो. आता पाने कापली, तर मोहिमेवरून परतलेल्या तुकडीची रसद तोडण्यासारखे होईल. कंद लगेच मरत नाही, पण पुढच्या वर्षी नुसती पाने येतात, त्याच्या पुढच्या वर्षी तीही बारीक होतात.

फुले वाळल्यावर लगेच करायची तीन कामे

पहिले काम: वाळलेले फूल काढून टाकायचे. फुलामागे हिरवी गाठ फुगू लागली असेल तर तीही काढायची, नाहीतर झाडाची ताकद बी बनवण्यात जाते. अमरिलिसचा दांडा मात्र हिरवा असेपर्यंत ठेवावा. तोही पानांप्रमाणे अन्न तयार करतो. पिवळा पडला की तो आपोआप सुटतो.

दुसरे काम: पाणी चालू ठेवायचे. फूल गेले म्हणून पाणी बंद करणे ही नेहमी दिसणारी गोष्ट आहे. पाने हिरवी आहेत तोपर्यंत त्यांना पाणी हवे. ती आपणहून पिवळी पडू लागली की पाणी कमी करत जायचे.

तिसरे काम: थोडे खत. या वेळी नुसता युरिया देऊ नये, त्याने पानेच माजतात. चांगले कुजलेले शेणखत, थोडा हाडांचा चुरा आणि मिळाली तर चिमूटभर लाकडाची राख पुरते.

आणि पाने? ती कापायची नाहीत. त्यांची वेणी घालायची नाही, रबर बँडने जुडीही बांधायची नाही, कारण एकावर एक दाबलेल्या पानांना ऊन मिळत नाही.

प्रत्येक कंदाचा स्वभाव वेगळा

बाबांच्या बदल्यांमुळे आमच्या घरची बाग तीन-तीन वर्षांनी गाव बदलते. सध्या ती अंबाल्याच्या क्वार्टरसमोर आहे. तिथे आईने चार प्रकारचे कंद सांभाळले आहेत.

*ग्लॅडिओलस.* मैदानी भागात ऑक्टोबरच्या सुमारास लावला की थंडी संपता संपता फुलतो. फुलदाणीसाठी दांडा कापताना झाडावर निदान चार पाने ठेवावीत. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पाने पिवळी पडतात, तेव्हा बुंध्यापासून थोडे दूर खुरपे घालून कंद उचलायचा. खाली एक गंमत दिसते. आपण लावलेला जुना कंद वाळलेल्या पुरीसारखा चपटा झालेला असतो आणि त्याच्या डोक्यावर नवा, टणक कंद बसलेला असतो. म्हणजे दरवर्षी कंद नवाच. भोवती हरभऱ्याएवढी पिल्ले चिकटलेली असतात. तीही जपून ठेवावीत, पण त्यांना फूल यायला दोन-तीन हंगाम लागतात.

*निशिगंध.* कुणी याला गुलछडी म्हणतात. हा मूळचा मेक्सिकोचा, पण आता पुण्याच्या फुलबाजारापासून बंगालपर्यंत सगळीकडे आपलाच झालेला. याचा एक कंद आयुष्यात एकदाच छडी देतो. पुढच्या छड्या त्याच्या भोवतीच्या पिल्लांना येतात. त्यामुळे छडी कापल्यावर झाड उपटू नये. दोन-तीन वर्षांनी पिल्लांची इतकी गर्दी होते की छड्या बारीक येऊ लागतात. तेव्हा थंडीत पाने वाळल्यावर सगळा गठ्ठा उचलून सुटा करावा आणि दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे कंद पुन्हा लावण्यासाठी निवडावेत.

*अमरिलिस.* याचा कंद लावताना मान मातीच्या वर ठेवतात. साधारण दर चार पानांमागे एक फुलदांडा कंदाच्या आत तयार होतो. म्हणून एप्रिलमध्ये फुले गेल्यावर पावसाळाभर जितकी जास्त पाने निरोगी राहतील, तितकी पुढची आशा वाढते. हा कंद दरवर्षी उचलण्याची गरज नसते. डिसेंबरमध्ये पाणी तोडले की तो विश्रांती घेतो.

*मे फ्लॉवर.* लाल चेंडूसारखे हे फूल महाराष्ट्रातल्या पुष्कळ अंगणांत आहे. आमचा कंद साताऱ्याकडच्या गावाहून, आजीच्या परसातून आलेला. मे महिन्यात आधी चेंडू, मागून पाने. ती पाने पावसाळाभर राहतात आणि थंडीत नाहीशी होतात. मग कुंडी चार-पाच महिने रिकामी दिसते. आजीचा या बाबतीत एकच नियम आहे: "त्याला उकरून बघायचं नाही. वेळ झाली की तो आपणहून येतो." ते खरेच आहे. या कंदाला मुळे हलवलेली आवडत नाहीत.

ट्यूलिपबद्दलही पालक विचारतात. कुंडीत फुललेला ट्यूलिप घरी आणला, पाने नीट राखली, तरी मैदानात तो दुसऱ्या वर्षी बहुधा फुलत नाही. त्यात आपल्या काळजीचा दोष नसतो. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी सुमारे तीन महिने सलग कडक थंडी लागते. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी ती मिळते, नागपुरात किंवा अंबाल्यात मिळत नाही.

उचललेले कंद कसे ठेवायचे

माती हाताने झाडावी, कंद धुऊ नयेत. ओलावा म्हणजे बुरशीला आमंत्रण. वर्तमानपत्रावर एका थरात पसरून दोन-तीन आठवडे सावलीत, वारा लागेल असे वाळवावेत. आमच्याकडे पलंगाखालची जागा यासाठी राखीव आहे. मग ग्लॅडिओलसचा जुना चपटा भाग हाताने मोडून काढायचा. प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून पाहायचा. टणक असेल तर ठेवायचा. मऊ, डागाळलेला किंवा वास येणारा असेल तर फेकायचा. एक सडका कंद सगळी पिशवी बिघडवतो.

ठेवण्यासाठी कांदे-बटाट्यांची जाळीदार पिशवी उत्तम. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. उत्तरेच्या उन्हाळ्यात ग्लॅडिओलसचे कंद बाहेर सुकून जातात, म्हणून आई ते कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवते. थंडीमुळे त्यांची झोपही नीट पूर्ण होते. मात्र सफरचंद, केळी अशा पिकणाऱ्या फळांजवळ कंद ठेवू नयेत. त्या फळांतून इथिलीन वायू निघतो आणि आतल्या कोंबाला अपाय करू शकतो.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. अमरिलिस, नर्गिस आणि मे फ्लॉवर यांचे कंद विषारी असतात आणि त्यातले काही हुबेहूब कांद्यासारखे दिसतात. स्वयंपाकघरात ते कधीही उघडे ठेवू नयेत. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव, तारीख आणि "खाण्याचे नाही" असे लिहावे. आपण ट्रंकेवर नाव आणि नंबर रंगवतो, तितकेच ठळक.

आपल्या सुट्या आणि कंदांचे वेळापत्रक

वसतिगृहात राहून घरची बाग कशी सांभाळणार, असे वाटेल. पण आपल्या सुट्या कंदांच्या कामांशी छान जुळतात. उन्हाळी सुटीत वाळलेले ग्लॅडिओलस निवडायचे, अमरिलिसला खत घालायचे. दिवाळीत ग्लॅडिओलस पुन्हा लावायचा. हिवाळी सुटीत निशिगंधाचा गठ्ठा फोडायचा. मधल्या काळात घरच्यांनी फक्त पाणी द्यायचे आणि कात्री लांब ठेवायची. रविवारच्या फोनवर मी आईला एवढेच विचारतो, "पाने किती पिवळी झाली?"

बदलीचा हुकूम आला तर

सैनिकी घरांसाठी कंदांइतके सोयीचे झाड नाही. गुलाब किंवा मोगरा सामानाच्या ट्रकमधून नेणे कठीण, पण वाळवलेला ग्लॅडिओलस बाबांच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीतही जातो. बाकीच्यांचे कसे करायचे ते ऋतूवर ठरते. मे फ्लॉवर झोपेत असेल तर कोरडाच न्यावा. अमरिलिसवर पाने असतील तर ती कापू नयेत. मुळांसकट उचलून ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळला, तर दोन-तीन दिवसांचा प्रवास त्याला सोसतो. निशिगंधाला कोंब फुटले असतील तर कुंडीतूनच न्यावा.

पण सगळे कंद न्यायचे नाहीत, असा आमच्या घरचा रिवाज आहे. निम्मे तिथेच ठेवायचे. अडचण एवढीच, की झोपलेला कंद जमिनीवरून दिसत नाही. नवे कुटुंब येते, रिकामा वाफा पाहते, खणते आणि कंद कचऱ्यात जातात. म्हणून निघताना आई वाफ्यात लाकडी पट्ट्या रोवते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी बागेचा छोटा नकाशा ठेवते. कुठे काय आहे, कधी उगवेल, कधी पाणी तोडायचे, सगळे त्यात असते. दोन बदल्यांपूर्वीच्या क्वार्टरमधून एका काकूंनी मे महिन्यात आईला लाल चेंडूचा फोटो पाठवला होता. आई त्यांना कधीही भेटलेली नाही.

शाळेच्या वाफ्यांसाठी एक विनंती

आता आपल्या वाफ्यांकडे येतो. हाऊससमोर फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्लॅडिओलस छान दिसतो आणि नेमकी त्यानंतर तपासणी असते. पिवळी पाने तपासणीत खुपतात हे खरे आहे. त्यावर कात्रीशिवाय उपाय आहे. पुढच्या लागवडीत कंद मागच्या ओळीत लावावेत आणि पुढच्या ओळीत फेब्रुवारीअखेर झिनिया पेरावा. पाने पिवळी होईपर्यंत झिनिया बराच उंच होतो आणि ती झाकली जातात. कुंड्या असतील तर फुले गेल्यावर त्या इमारतीच्या मागे, पण उन्हात हलवाव्यात. आणि वाफ्याला एक पाटी लावावी: "कंद तयार होत आहेत. पाने कापू नयेत." खाली पाने कापता येतील ती तारीख.

हाऊस मास्टर सरांनी परवानगी दिली तर या पाट्या आम्ही दहावीचे कॅडेट तयार करू. आम्ही ऑक्टोबरमध्ये लावलेले ग्लॅडिओलस आत्ता फुलले आहेत. ते मेच्या सुरुवातीला उचलता येतील. तोपर्यंत पानांना हात लावू नका, एवढेच सांगायचे होते.