जुना टेम्पो घेताना: इंजिनाआधी कागद पाहा

साखरखेर्डा हे नाव इतिहासात १७२४ च्या निजामुल्मुल्क-मुबारिज खान लढाईमुळे नोंदले गेले. या भागातला लहान व्यापारी कापड, बांगड्या, भांडी, चपला घेऊन मेहकर, चिखली, लोणार, देऊळगाव राजा अशा आठवडी बाजारांची फेरी करतो, तेव्हा त्याला स्वतःचे वाहन हवेसे वाटणे स्वाभाविक आहे. नवे वाहन परवडत नाही, आणि व्याजाच्या हप्त्यात अडकायचे नसेल तर जमवलेल्या रोख रकमेत जुना ‘छोटा हत्ती’ किंवा पिकअप पाहिला जातो. त्या गाडीत मालही राहतो आणि वेळ पडली तर रात्री मालकही झोपतो. म्हणजे दुकान आणि मुक्काम दोन्ही एकाच सौद्यात.

खरेदीला जाताना आपले लोक मिस्त्रीला बरोबर नेतात. हे चांगलेच आहे. गाडी थंड असताना जा. तुम्ही पोहोचण्याआधीच इंजिन गरम असेल तर कारण विचारा. निळा धूर म्हणजे ऑईल जळते. पांढरा धूर बराच वेळ राहिला तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑईलचे झाकण उघडून धूर जोराने येतो का ते पाहा. सर्वांत जास्त वेळ मात्र गाडीखाली घालवा. पाट्यांच्या हँगरजवळ चेसिसला वेल्डिंग केलेले किंवा तेवढ्याच जागी ताजा रंग मारलेला दिसला तर ती गाडी ओव्हरलोड ओढलेली असण्याचा संभव मोठा. मीठ लावलेली कातडी, खत किंवा मासळी वाहिलेल्या गाडीचा पत्रा आतून सडतो; वरून चादर ठोकलेली असते. हातोडीने हलके ठोका, बद्द आवाज आला की समजावे. शक्य असेल तर माल भरून चढावर चालवून पाहा. राजूर घाटात दम कळतो, गावच्या सपाट रस्त्यावर नाही.

पण इंजिन बिघडले तर पैशाने दुरुस्त होते, कागद बिघडला तर आयुष्य जाते. आपल्याकडे ‘फॉर्मवर सही देतो, नंतर नावावर करून घ्या’ असा सौदा सर्रास होतो. हा व्यवहार विकणाऱ्यालाही घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार प्रकरणात स्पष्ट केले की, नोंदीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच. गाडी तीन हात फिरली असली तरी भरपाईची वसुली पहिल्याच्या दारात येते. घेणाऱ्याचे नुकसान निराळे. तृतीय पक्षाचा विमा गाडीबरोबर जातो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नावावर करून घेतला नाही, तर गाडी चोरीला गेली वा जळाली तरी दावा टिकत नाही. विम्याच्या बदलासाठी १४ दिवसांत अर्ज करावा. फॉर्म २९ व ३० भरून नोंदणी बदलण्यासाठी ३० दिवसांची मुदत आहे. पैसे देताना दोघांनी आरटीओचे काम सोबत करावे, हेच उत्तम.

आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. ‘चालू हप्ते तुम्ही भरा’ हा सौदा तर टाळाच. गाडी ओढून नेली की तुमची रक्कम आणि माल दोन्ही अडकतात. चेसिस नंबर स्वतः पुसून वाचा व आरसीशी जुळवा. फिटनेस, कर, ई-चलन हे परिवहनच्या संकेतस्थळावर पाहता येते. मध्य प्रदेश किंवा तेलंगणातील गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागतेच. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असेल तर परमिटही लागते. छोट्या हत्तीला ते लागत नाही. माल ठेवायला बॉडीचा आकार बदललेला असेल तर तो बदल आरसीत नोंदलेला आहे का, तेही पाहावे.

विकणाऱ्या बांधवांनाही दोन शब्द. ओले धान्य खाली दडवून कोरडे वर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला प्रेषित (स.) यांनी कसे बजावले, ते आपण जाणतो. सडलेल्या पत्र्यावर चादर ठोकून रंग मारणे हे त्याहून वेगळे नाही. ऐब सांगून विकल्यास किंमत दोन-पाच हजारांनी उतरेल, एवढेच. घेणाऱ्यानेही ऐब कळल्यावर भाव पाडताना अतिरेक करू नये. ठरलेली रक्कम, गाडीचा नंबर, ताबा दिल्याची तारीख व वेळ कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. वेळ यासाठी की, त्याच संध्याकाळी अपघात झाला तर गाडी कोणाच्या ताब्यात होती हे सांगता यावे.