मुदत नसलेली स्थानबद्धता
(रत्नागिरी, मनोरुग्णालय आणि माणसाचे हक्क)

रत्नागिरीत पाहुणा आला की आम्ही त्याला थिबा पॅलेस दाखवतो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ साली येथे आणून ठेवले आणि १९१६ मध्ये तो येथेच वारला. त्यानंतर पतितपावन मंदिर दाखवतो आणि ओघाने सावरकरांची गोष्ट निघते. १९२४ ते १९३७ अशी तेरा वर्षे ते या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. तिसरी जागा मात्र आम्ही कुणाला दाखवत नाही. ती आहे प्रादेशिक मनोरुग्णालय. तेही १८८६ सालचेच. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांत आमचे सर्वांत लहान, ३६५ खाटांचे. कोकणातून आणि घाटावरच्या कोल्हापूर-सांगलीकडून रुग्ण येथे येतात. पुण्याकडे जसे 'येरवड्याला पाठवा' म्हणतात, तसे आमच्या बाजूला 'रत्नागिरीला न्यायला हवा' म्हणतात. आम्ही रत्नागिरीकर हे ऐकून हसतो आणि विषय बदलतो.

थिबा राजा सरकारकडे अर्ज-विनंत्या करू शकत होता. सावरकरांची स्थानबद्धता पाच वर्षांची म्हणून सुरू झाली आणि पुढे वाढवत नेली गेली. ती अन्यायाची असली तरी प्रत्येक वेळी कागदावर मुदत लिहावी लागत होती. मनोरुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या कागदावर किती मुदत लिहिलेली असे, हा प्रश्न मला आमच्या घरातल्या एका ट्रंकेमुळे पडला.

माझ्या वडिलांना एक आत्या होत्या. घरात त्यांना आक्का म्हणत. त्या 'पुण्याला नातेवाइकांकडे असतात' एवढेच आम्हां मुलांना माहीत होते. वडील गेल्यावर ट्रंक आवरताना चार पत्रे सापडली. ती एका इस्पितळाची होती. कोणत्या ते येथे सांगत नाही, कारण दोष त्या इस्पितळाचा नव्हता. पहिल्या तीन पत्रांत एकच मजकूर होता: रुग्णाची प्रकृती सुधारली आहे, नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे. पहिल्या आणि तिसऱ्या पत्रात सहा वर्षांचे अंतर होते. चौथे पत्र निधन कळवणारे होते. कुणी उत्तर पाठवल्याची खूण ट्रंकेत नव्हती. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. त्या ट्रंकेनंतर जिल्हा नगर वाचनालयात बसून आणि जुने कायदे मिळवून जे वाचले, त्यातले काही येथे मांडत आहे.

कोठडीची भाषा

हिंदुस्थानात वेडासंबंधीचे पहिले व्यापक कायदे १८५८ चे. बंडानंतर राज्य कंपनीकडून राणीकडे गेले, त्याच वर्षी तीन कायदे झाले. त्यांतले दोन वेड्या ठरलेल्या माणसाच्या मालमत्तेची व्यवस्था लावणारे होते आणि तिसरा वेड्यांच्या इस्पितळांबद्दल होता. तीनांतले दोन मालमत्तेचे, हे प्रमाण लक्षात ठेवण्याजोगे आहे. हे सारे १९१२ च्या 'इंडियन ल्यूनसी अ‍ॅक्ट'मध्ये एकत्र झाले. या कायद्याखाली पोलीस अधिकारी भटक्या किंवा धोकादायक 'वेड्या'ला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेई, किंवा नातेवाईक अर्ज करत. मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी काही दिवस ताब्यात ठेवण्याचा हुकूम देई आणि खात्री पटली की 'रिसेप्शन ऑर्डर' निघे. तपासणीच्या ताब्याला मुदत होती, रिसेप्शन ऑर्डरला नव्हती. म्हणजे माणूस वेडा आहे की नाही हे ठरेपर्यंत दिवस मोजले जात आणि एकदा ते ठरले की मोजणे थांबे.

या कायद्यात काहीच चांगले नव्हते असे नाही. इस्पितळावर 'व्हिजिटर्स' नेमलेले असत, त्यांनी दरमहा पाहणी करावी अशी तरतूद होती आणि रुग्णाला सोडण्याचा अधिकारही त्यांना होता. पण ज्याच्याबद्दल हे सारे चाले, त्याला त्या कागदात आवाज नव्हता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' असे आपण म्हणतो. वेडा ठरलेल्याला कोर्टाची पायरी एकदाच चढवली जाई, आणि तीही दुसऱ्याच्या हाताला धरून.

हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ टिकला. आक्का त्याच कायद्याखाली आत गेल्या. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्षात लागू झाला १ एप्रिल १९९३ रोजी. त्याने 'ल्यूनॅटिक' हा शब्द काढला, स्वेच्छेने दाखल होण्याची आणि बाहेर पडण्याची वाट रुंद केली, रुग्णाशी क्रूरपणे किंवा अपमानास्पद वागू नये असे लिहिले. पण मॅजिस्ट्रेटची रिसेप्शन ऑर्डर राहिलीच.

तुरुंग आणि साखळी

दरम्यान एक वेगळी लढाई चालू होती. पत्रकार शीला बारसे यांचे नाव मराठी वाचकांना मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांच्या प्रकरणामुळे ठाऊक असेल. त्यांच्याच दुसऱ्या याचिकेतून एक गोष्ट न्यायालयापुढे आली: कोणताही गुन्हा न केलेली माणसे केवळ मानसिक आजारी आहेत म्हणून तुरुंगात ठेवली जात होती. कागदावर कारण असे 'सुरक्षित ताबा'. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा बेकायदा आणि घटनाबाह्य ठरवली. त्याआधी १९८२ मध्ये वीणा सेठी प्रकरणात बिहारच्या हजारीबाग तुरुंगातले कैदी पुढे आले होते. वेडे म्हणून आत गेलेले, पुढे बरे झालेले आणि तरीही वीस-तीस वर्षे आतच राहिलेले.

६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तेथल्या मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जण गेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने आपणहून या प्रश्नात लक्ष घातले.

आजचा कायदा काय म्हणतो

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार मान्य केला. त्याच्याशी जुळणारा कायदा करणे भाग होते. त्यातून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आला आणि २०१८ च्या मे अखेरीस लागू झाला. त्याच्या घडणीत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील डॉ. सौमित्र पाठारे यांचा वाटा मोठा आहे.

कायदा लांबलचक आहे. सामान्य वाचकाला त्यातले चार प्रश्न पुरेत.

पहिला, आजारी कोणाला म्हणायचे? एखाद्याचे वागणे घरच्यांच्या, जातीच्या, धर्माच्या किंवा समाजाच्या नीतिकल्पनांत बसत नाही, एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी उपचार घेतले होते हेही एकट्याने पुरेसे कारण नाही. नवऱ्याशी पटत नाही, जमिनीत वाटा मागते, म्हणून 'डोके फिरले आहे' असे ज्या बाईबद्दल बोलले जाते, तिच्यासाठी हे कलम आहे.

दुसरा, किती दिवस? स्वतःहून दाखल झालेला माणूस सामान्यतः स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकतो. जो निर्णय घेण्याच्या स्थितीत नाही आणि ज्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना गंभीर धोका आहे, किंवा ज्याला स्वतःची काळजी घेता येत नाही, त्याला त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. पण दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून आणि जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी. पुढे गरज असेल तर दोन मानसोपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर ९० दिवस, मग १२०, मग १८०. त्या प्रत्येक टप्प्यावर मंडळाची परवानगी लागते. शंभराहून अधिक वर्षे रिकामा राहिलेला मुदतीचा रकाना येथे भरला गेला.

तिसरा, हे पाहणार कोण? मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. जिल्हा न्यायाधीश दर्जाची व्यक्ती त्याच्या अध्यक्षस्थानी असते. जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, डॉक्टर आणि स्वतः आजारातून गेलेल्या व्यक्ती, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातल्या संस्थांचे प्रतिनिधी सदस्य असतात. स्त्रीला किंवा अल्पवयीन मुलाला असे दाखल केले तर तीन दिवसांत आणि इतरांबाबत सात दिवसांत मंडळाला कळवावे लागते. रुग्ण स्वतः मंडळाकडे दाद मागू शकतो.

चौथा, आत काय? सक्तीने डोके भादरायचे नाही. स्वतःचे कपडे घालायचे असतील तर गणवेशाची सक्ती नाही. काम जबरदस्तीने करून घ्यायचे नाही आणि केले तर मोबदला द्यायचा. स्त्रियांना पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू द्यायच्या. पत्र, फोन, भेट नाकारायची नाही. भूल न देता विजेचे झटके द्यायचे नाहीत. साखळी कोणत्याही स्वरूपात नाही. कायद्यात या बारीकसारीक गोष्टी लिहाव्या लागल्या, यावरून आधी काय चालत होते ते कळते.

बरे झालेले, पण न सुटलेले

माझ्या मते या कायद्याचा गाभा १९ व्या कलमात आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही, घर नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणाने कुणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे ते सांगते. बाहेर सोय उभी करणे ही सरकारची जबाबदारी आहे. आक्कांची तीन पत्रे या कलमात बसतात. फक्त ते यायला फार उशीर झाला.

पण कलम आले म्हणजे दार उघडले असे नाही. गौरवकुमार बन्सल यांच्या याचिकेवर २०१७ पासून सर्वोच्च न्यायालय बऱ्या झालेल्या रुग्णांच्या पुनर्वसनाबद्दल राज्यांना विचारत राहिले. जुलै २०२१ मध्ये खुद्द महाराष्ट्राला बोल ऐकावे लागले, कारण बऱ्या झालेल्यांना पुनर्वसनगृहांऐवजी भिक्षेकरीगृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवले जात होते. मुंबई उच्च न्यायालयात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेतून ठाण्यात वर्षानुवर्षे राहिलेल्या एका स्त्रीचा प्रश्न पुढे आला. त्यातून राज्यातल्या चारही मनोरुग्णालयांत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ राहिलेल्या रुग्णांची तपासणी आणि मंडळांचे कामकाज हे विषय न्यायालयापुढे आले. म्हणजे मुदतीचा रकाना छापून झाला, तो वाचणारी यंत्रणा अजून उभी राहत आहे.

काही काम सरकारबाहेर झाले आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून, उपचार करून, त्यांचे गाव शोधून घरी पोहोचवण्याचे काम डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था कर्जतहून करते. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घर शोधले तर सापडते, आणि अनेक घरे माणसाला परतही घेतात, हे त्या कामातून दिसते.

दोन्ही बाजूंच्या तक्रारी

या कायद्यावर दोन विरुद्ध दिशांनी टीका होते. पुण्यात बापू ट्रस्ट उभारणाऱ्या भार्गवी दावर यांच्यासारख्यांचे म्हणणे होते की आजाराच्या कारणाने इच्छेविरुद्ध ठेवणे हेच मुळात हक्कांविरुद्ध आहे. त्याला मुदत घातल्याने ते न्याय्य होत नाही. दुसरीकडे घरचे म्हणतात, रात्री दोन वाजता भाऊ कोयता घेऊन अंगणात उभा असतो तेव्हा कलमे कोण वाचणार? डॉक्टर म्हणतात, कागद वाढले, माणसे तेवढीच.

मला तिघांचेही म्हणणे खरे वाटते. रात्री दोनचे संकट खोटे नाही आणि त्यासाठी तातडीच्या उपचारांची ७२ तासांची तरतूद कायद्यात आहे. पण त्या रात्रीचा निर्णय सकाळी तपासला गेला पाहिजे, महिन्याने पुन्हा तपासला गेला पाहिजे. आमच्या घरचा निर्णयही अशाच एखाद्या रात्री झाला असेल. तो त्या रात्रीपुरता चूक होता असे मी म्हणू शकत नाही. पुढच्या सकाळी कुणी तो पुन्हा पाहिला नाही, ही चूक.

आणखी एक गोष्ट. कायद्यातली 'मानसिक आरोग्य आस्थापना' नातेवाइकांच्या राहत्या घराला लागू होत नाही. मागच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारच्या खोलीत कडी लावून ठेवलेल्या माणसापर्यंत मंडळ पोहोचत नाही. तेथे कायदा पोलीस ठाण्याकडे बोट दाखवतो: हद्दीत मनोरुग्णाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचे कळले तर ठाण्याच्या अधिकाऱ्याने ते मॅजिस्ट्रेटला कळवायचे. वाडीतल्या सर्वांना अशी एखादी कडी ठाऊक असते आणि कोणी बोलत नाही. 'दुसऱ्याच्या घरातले आपण कशाला' हे आमच्या कोकणात शहाणपण समजले जाते.

ज्यांचे कुणी आत आहे त्यांना एक सांगणे. मनोरुग्णालयातील व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानेच आहे, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साधा अर्ज चालतो. पुनर्विलोकन मंडळाकडेही अर्ज करता येतो आणि तो रुग्ण स्वतःही करू शकतो.

आणि इस्पितळाचे पत्र आले असेल तर त्याला उत्तर द्यावे. नेता येणार नसेल तर तसे लिहावे, म्हणजे निदान दुसरी सोय शोधण्याची जबाबदारी कुणावर तरी पडते. आमच्या ट्रंकेतल्या तीन पत्रांना उत्तर गेले असते तर आक्का घरी आल्याच असत्या असे नाही. पण पुण्याला नातेवाइकांकडे आहेत, असे तरी आम्हांला कुणी सांगू शकले नसते.